दोन नंबर, तीन रायफली आणि एक लिव्हर: जुन्या मोटरसायकलींविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आजोबांची जावा २५० माझ्याकडे आली आहे. मेकॅनिक म्हणतो, एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर कशाला, एक बंद करून टाकू. किक आणि गिअर एकाच लिव्हरवर आहेत, तेही वेगळे करून देतो म्हणतो. करू द्यावं का?

अजिबात करू देऊ नका. टू-स्ट्रोक इंजिनात जळलेला वायू सिलिंडरच्या भिंतीतल्या पोर्टमधून, म्हणजे भोकातून, बाहेर पडतो. वाट जितकी मोठी तितकं चांगलं, पण एकच पोर्ट फार रुंद कापला तर पिस्टनची रिंग त्यात फुगते, कडेला अडकते आणि तुटते. तुमच्या ब्लॉकला पुढे डावी-उजवीकडे दोन पोर्ट आहेत, म्हणून दोन नळ्या आणि दोन सायलेन्सर. एक बंद केलात तर निम्मी वाट गेली. गाडी ओढत नसेल तर दोन्ही सायलेन्सर उघडून आतली काजळी खरवडायला सांगा. बहुतेक वेळा दुखणं तिथंच निघतं.

लिव्हरलाही हात लावू देऊ नका. ती आत दाबून वर फिरवली की किक, परत खाली आणली की गिअर. शिवाय पायाने गिअर टाकताना हीच लिव्हर आतून क्लचही सोडवते. म्हणून ही गाडी चालू असताना हातातला क्लच न दाबताही गिअर बदलता येतो. क्लच सेट करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर गिअर अडखळतात आणि दोष गिअरबॉक्सवर जातो.

इतका विचार कुठून आला, ते कंपनीचा इतिहास पाहिला की कळतं. प्राग शहरातले शस्त्रनिर्माते फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून ५०० सीसीच्या गाडीचे हक्क विकत घेतले. यानेचेकमधला 'जा' आणि वाँडररमधला 'वा', म्हणून जावा. पहिली गाडी जड होती, महाग होती आणि नेमकी मंदीच्या तोंडावर बाजारात आली. कंपनी तगली ती १९३२ मध्ये जॉर्ज पॅचेट या इंग्रज अभियंत्याने आणलेल्या हलक्या, स्वस्त १७५ सीसीच्या गाडीवर. साध्या माणसाला झेपेल अशी गाडी करायची, हे तेव्हापासून त्यांच्या अंगात मुरलं, असं माझं मत आहे. पुढे देश जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या अभियंत्यांनी गुपचूप नव्या २५० सीसीच्या गाडीवर काम चालू ठेवलं. ती १९४६ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात झळकली. यानेचेक १९४१ मध्येच वारले होते, त्यांना ती पाहता आली नाही. मैसूरला बनलेल्या जावा त्याच घराण्यातल्या.

प्रश्न: बीएसए, रॉयल एनफिल्ड, जावा, हुस्कवर्ना या सगळ्यांचा संबंध बंदुकांशी कसा काय?

यात एफएनचंही नाव घाला. बेल्जियममधल्या एर्स्टाल गावचा हा कारखाना १८८९ मध्ये सैन्यासाठी रायफली बनवायला सुरू झाला आणि १९०५ मध्ये त्याने चार सिलिंडरची, शाफ्टवर चालणारी मोटरसायकल बाजारात आणली. हुस्कवर्ना तर १६८९ पासून बंदुका करत होती, मोटरसायकली १९०३ पासून.

कारण हत्यारांच्या कामातच आहे. एका रायफलीचा बोल्ट काढून दुसरीत बसवला तर तो कानस न लावता बसलाच पाहिजे, ही सैन्याची अट. त्यासाठी माप तपासायचे गेज लागतात, भाग नेमका धरून ठेवणारे जिग लागतात, चांगलं फोर्जिंग, म्हणजे तापवून ठोकलेलं लोखंड लागतं, नळीला सरळ भोक पाडणारी यंत्रं लागतात. मी जन्मभर लेथवर उभा राहिलो आहे, त्यामुळे ही शिस्त किती महाग पडते ते मला ठाऊक आहे. लढाई संपली की ऑर्डरी आटतात, पण यंत्रं आणि कारागीर तिथंच असतात. बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी १८६१ मध्ये एकत्र येऊन बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, काढली. काही वर्षांत सरकारी काम कमी झाल्यावर ते सायकलींकडे वळले आणि १९१० मध्ये मोटरसायकलीकडे. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली हे त्यांचं चिन्ह शेवटपर्यंत राहिलं.

इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्याला तर एनफिल्ड हे नावच मिळालं ते एनफिल्ड इथल्या सरकारी शस्त्र कारखान्याचे सुटे भाग करण्याच्या कामामुळे. त्यांची पहिली मोटरसायकल १९०१ ची. १९५५ मध्ये मद्रासला बुलेटचं काम सुरू झालं, १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद झाला आणि मुलीने आईचं घर चालवावं तसं मद्रासने ते नाव पुढे चालवलं.

प्रश्न: पन्नासच्या दशकातली बीएसए मिळते आहे. इंजिनावरचा नंबर आणि फ्रेमवरचा नंबर वेगळे आहेत. मित्र म्हणतात, इंजिन बदललेलं आहे, घेऊ नकोस. खरं काय?

केवळ एवढ्यावरून गाडी सोडू नका. बीएसएने त्या काळात इंजिनाला आणि फ्रेमला मुद्दामच वेगवेगळ्या मालिकेतले नंबर दिले. दोन्ही सारखे ठोकायची पद्धत तिथे साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत आली नव्हती. उलट पन्नासच्या दशकातल्या बीएसएवर दोन्ही नंबर अक्षरासकट तंतोतंत सारखे दिसले, तर मी आधी भिंग काढेन.

तुम्हाला पाहायचं आहे ते असं. नंबरापुढची अक्षरं मॉडेल सांगतात. इंजिनावर एका मॉडेलची आणि फ्रेमवर दुसऱ्याच मॉडेलची अक्षरं असतील तर जोडगाडी असण्याची शक्यता मोठी. मग ठोकलेल्या आकड्यांची उंची, ओळ आणि खोली बघा. ज्या सपाट जागेवर नंबर आहे ती आजूबाजूच्या धातूपेक्षा खोलगट किंवा नवी घासलेली वाटली तर जुना नंबर उडवलेला असू शकतो. रंग, क्रोम, आवाज यांनी भुलू नका, ते पैशाने आणता येतं.

शेवटचा शब्द कारखान्याच्या रवानगीच्या वह्यांचा. कोणत्या फ्रेममध्ये कोणतं इंजिन बसवून गाडी कोणत्या दिवशी कोणत्या विक्रेत्याकडे गेली, ते त्यात लिहिलेलं असतं. बीएसएच्या अशा नोंदी इंग्लंडच्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबने जपल्या आहेत. हा क्लब १९४६ चा. कारखाने बंद पडत असताना कुणी तरी त्या वह्या रद्दीत जाऊ दिल्या नाहीत, त्या माणसांचे आपल्यावर फार उपकार आहेत. पैसे देण्याआधी तिथे विचारणा करा.

प्रश्न: बीएसए बँटम, हार्ले-डेव्हिडसनची जुनी १२५ आणि यामाहाची पहिली गाडी, तिघींची इंजिनं बहिणींसारखी दिसतात. नक्कल कुणी कुणाची केली?

तुमची नजर बरोबर आहे. तिघींची आई एकच, जर्मनीची डीकेडब्ल्यू आरटी १२५.

डीकेडब्ल्यू ही योर्गेन स्काफ्टे रासमुसेन या डॅनिश माणसाने सॅक्सनीतल्या चोपाउ गावी उभी केलेली कंपनी. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जगात सर्वांत जास्त मोटरसायकली तिथे बनत होत्या. तेव्हाच्या टू-स्ट्रोक पिस्टनच्या माथ्यावर एक उंचवटा असे, आत येणारं ताजं मिश्रण सरळ बाहेर निसटू नये म्हणून. त्या उंचवट्यामुळे पिस्टन जड होई आणि एका बाजूने तापे. आडोल्फ श्न्यूर्ले या अभियंत्याने दुसरी वाट शोधली. पोर्ट अशा कोनात कापायचे की मिश्रण मागच्या भिंतीवर जाऊन वर वळेल आणि जळलेला वायू पुढे ढकलेल. मग पिस्टनचा माथा जवळपास सपाट चालतो. या पेटंटचे हक्क डीकेडब्ल्यूने घेतले आणि हेरमान वेबर यांनी त्यावर १९३९ मध्ये आरटी १२५ उभी केली. तीन गिअर, अंड्यासारखं गोलसर इंजिन, नको तो एकही भाग नाही. मला विचाराल तर लहान गाडीचा इतका स्वच्छ आराखडा त्याआधी झाला नव्हता.

जर्मनी हरली आणि युद्धाची भरपाई म्हणून हा आराखडा विजेत्यांच्या हाती गेला. चोपाउच्या कारखान्यातली यंत्रं सोव्हिएत संघाने नेली. तिथे मॉस्कोला गाडी निघाली आणि पुढे ते काम मिन्स्कला गेलं. अमेरिकेत हार्लेने १२५ केली, इंग्लंडमध्ये १९४८ मध्ये बीएसएने बँटम. बँटमची गंमत अशी की बीएसएने सगळं इंजिन आरशात पाहावं तसं उलटवलं, कारण इंग्रज चालकाला गिअर उजव्या पायाशी हवा होता. मोजमापंही मिलिमीटरची इंचात आणली. तारा पोचवणारी पोरं लाल बँटमवर फिरायची. १९७१ पर्यंत ती लाखोंनी विकली गेली.

जपानकडे भरपाईचा हक्क नव्हता. पियानो-बाजाच्या पेट्या करणाऱ्या यामाहाने १९५५ मध्ये याच आराखड्यावरून वायए-१ केली, पण चौथा गिअर घातला आणि त्याच वर्षी फुजी पर्वताच्या चढाच्या शर्यतीत आपल्या वर्गात पहिली आली. म्हणून मी तिला नक्कल म्हणायला तयार नाही. शिकायला घेतलेला धडा आणि उतरवून काढलेला धडा यांत फरक असतो. खुद्द चोपाउनेही हार मानली नाही. यंत्रं गेल्यावरही तिथे पुन्हा काम उभं राहिलं आणि एमझेड या नावाने टू-स्ट्रोकच्या संशोधनात ते जगाच्या पुढे गेले.

प्रश्न: इंग्रजी गाडीच्या नटांना मिलिमीटरचे पाने चालतात का?

नाही. व्हिटवर्थ हे नट-बोल्टचं जुनं इंग्रजी माप. पाव इंच व्हिटवर्थच्या नटाची रुंदी साधारण १३.३ मिलिमीटर. १३ चा पाना शिरत नाही, १४ चा घसरतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या रुंदीचा नाही, हेही लक्षात ठेवा. त्याहून धोक्याचे आहेत इंचाला २६ आट्यांचे सायकल थ्रेड. त्या पाव इंची भोकात सहा मिलिमीटरचा बोल्ट जवळजवळ बेमालूम शिरतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि रस्त्यावर आट्यांसकट बाहेर येतो. ब्रेकच्या जागी असं झालं तर काय होईल, ते सांगायला नको. आट्याचा गेज घ्या, मोठा खर्च नाही.

प्रश्न: काका, मी नववीत आहे. जगातली सगळ्यांत भारी जुनी गाडी कोणती?

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुला शाबासकी. माझं उत्तर ठरलेलं आहे, १९४८ ची व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो. ९९८ सीसीचं काळं व्ही-ट्विन (व्हीच्या आकारात दोन सिलिंडर असलेलं) इंजिन, ताशी १२५ मैल, म्हणजे सुमारे २०० किलोमीटर वेग. पण मी तिला वेगासाठी मानत नाही. फिलिप व्हिन्सेंट आणि फिल आयर्व्हिंग या दोघांनी इंजिनालाच सांगाड्याचं काम दिलं. पुढून खाली येणारी फ्रेमची नळी त्यांनी काढूनच टाकली. वर कण्यासारखी जी पेटी आहे ती एकाच वेळी ऑईलची टाकीही आहे. चाक काढायला पाना लागत नाही, हाताने फिरवायच्या दांड्या दिल्या आहेत. रस्त्यात पंक्चर झालेल्या माणसाचा इतका विचार मी दुसऱ्या कुठल्या वेगवान गाडीत पाहिलेला नाही.

त्याच वर्षी १३ सप्टेंबरला रॉली फ्री नावाचा अमेरिकन खास तयार केलेल्या व्हिन्सेंटवर बॉनव्हिलच्या मिठाच्या पठारावर पोटावर आडवा झोपला. वाऱ्याने कातडी कपडे फाटले होते म्हणून पोहण्याच्या चड्डीवरच होता. वेग निघाला ताशी १५०.३१३ मैल. तू असलं काही करू नकोस, पण तो फोटो जरूर शोध. कंपनी मात्र १९५५ च्या अखेरीस मोटरसायकली करायची थांबली. इतकं काम करून गाडी विकायची तर किंमत वसूल होत नव्हती.

प्रश्न: १९२५ ची ट्रायम्फ मिळाली आहे. सगळा रंग काढून नव्याने रंगवू आणि क्रोम करून घेऊ का?

क्रोम नको, हे आधी. मोटरसायकलींवर क्रोम आलं ते विसाच्या दशकाच्या अगदी शेवटी. तुमच्या गाडीवर निकेल होतं. निकेलची झाक किंचित पिवळसर असते, क्रोमची निळसर, आणि जाणत्याला ती दहा पावलांवरून खटकते.

रंगाचं आत्ताच ठरवू नका. आधी टाकी उतरवा आणि तिच्या पोटाकडे, हत्यारांच्या डब्याच्या आत, स्टिअरिंगच्या कपांच्या आसपास पाहा. ऊन आणि हात न लागलेल्या या जागी मूळ रंग बऱ्याचदा शाबूत सापडतो. वरून नंतरचे थर असतील तर बाराशे नंबरचा पाण्याचा पॉलिश कागद ओला करून नाण्याएवढ्या जागेत हळूहळू घासा, एकेक थर दिसत जाईल. टाकीवरच्या सोनेरी रेषांची जाडी आणि कडेपासूनचं अंतर कागदावर टिपून ठेवा, फोटो काढा. मूळ रंग साठ-सत्तर टक्के टिकला असेल तर मी ब्रशही लावणार नाही. गंज थांबवायला तेलाचं बोट फिरवा, वर मेण द्या, आणि इंजिनाच्या कामाला लागा.