एम.एस्सी.नंतर पीएचडी कशात करावी: स्वच्छ ऊर्जा, सार्वजनिक आरोग्य की शिक्षण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालंय, वय २६, घरी 'आता लग्नाचं बघू' सुरू झालंय, आणि स्वच्छ ऊर्जा, सार्वजनिक आरोग्य, शिक्षण यांपैकी कशाला जास्त 'स्कोप' आहे ते कळत नाही. शिवाय उशीर झालाय का, हेही विचारलंय.

मी इंदूरची. आमचं घराणं होळकरांच्या काळात इकडे आलं आणि इथलंच झालं. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी. ओल्या कचऱ्याच्या कंपोस्टवर पीएचडी केली, आता एका कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवते. तेव्हा हे उत्तर कचऱ्याच्या ढिगावर बसून दिलंय, असंच समजा.

क्षेत्राचं जरा बाजूला ठेवा आणि एक गोवरी घ्या. देवासच्या पुढे माझ्या आजोळी मामी अंघोळीचं पाणी अजून गोवऱ्यांवरच तापवते. गॅस आहे, पण तो चहाला आणि पाहुण्यारावळ्यांना. ती गोवरी चुलीत गेली की ऊर्जावाल्यांची. तिचा धूर मामीच्या छातीत गेला की आरोग्यवाल्यांची. शेतात जायचं शेण जळालं म्हणजे जमिनीचा नत्र गेला, तो कृषीवाल्यांचा. आणि सकाळी टोपली घेऊन शेण वेचायला निघालेल्या पोरीची शाळा बुडाली, ती शिक्षणवाल्यांची. विद्यापीठात या चौघांच्या चार इमारती आहेत, चहाच्या टपऱ्यासुद्धा वेगळ्या. मामीच्या अंगणात गोवरी एकच आहे.

हा धूर मोजायचं ज्यांनी मनावर घेतलं त्यांच्यातलं मोठं नाव किर्क स्मिथ. हा अमेरिकन संशोधक मुळात अणुऊर्जेचे धोके अभ्यासणारा. त्याने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी ८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा ओढणारे छोटे पंप बांधले आणि त्यांच्या नाकाशी येणारी हवा फिल्टरवर गाळून धरली. १९८३ साली ते काम छापून आलं. मोठ्या शहरांत ज्याच्या नावाने ओरड होते, त्याच्या कैक पट धूर त्या चुलींपुढे निघाला. तोवर हवा मोजायची यंत्रं बहुतेक शहरांतल्या गच्च्यांवर नाहीतर कारखान्यांच्या आसपास असायची. पुढे हाच माणूस बर्कलीला सार्वजनिक आरोग्याचा प्राध्यापक झाला. आता त्याचं क्षेत्र कोणतं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

दुसरं उदाहरण तर आमच्या गावचंच. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ साली इंदूरला आला. त्याआधी बिहारमधल्या पुसाच्या सरकारी संस्थेत होता. तिथे एक पीक, पण त्याची बुरशी एका विभागाकडे, कीड दुसऱ्याकडे, माती तिसऱ्याकडे. या तुकडेबाजीला तो वैतागला होता. इंदूरला होळकर दरबाराने जमीन दिली, कापूस समितीने पैसा दिला, आणि संस्था उभी राहिली. माळव्यात तेव्हा कापूस, म्हणजे ओघाने पऱ्हाट्या, कापसाच्या झाडाच्या वाळक्या काड्या, आल्या. पऱ्हाटी लवकर कुजत नाही. यांनी काय केलं, तर पऱ्हाट्या शेतातल्या रस्त्यावर पसरल्या आणि गाड्यांची चाकं त्यांच्यावरून जाऊ दिली. चुरा झाला की तो गोठ्यात बैलांखाली अंथरायचा, मग शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांच्यासोबत उथळ खड्ड्यात थर लावायचे, आणि तीन महिन्यांत तीनदा पालटायचं. सुरुवातीला कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण ३३ ला १ च्या आसपास, शेवटी १० ला १. हॉवर्ड आणि रसायनाचं काम पाहणारे यशवंत वाड, दोघांच्या नावाने १९३१ साली त्यावर पुस्तक निघालं आणि जगभर 'इंदूर पद्धत' हे नाव रूढ झालं. पुस्तकावर साहेबाच्या जोडीने आपल्या माणसाचं नाव आहे, याचं मला अजून अप्रूप वाटतं. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. त्या फाटकावरून मी कित्येक वर्षं स्कूटीने गेले, आणि आत काय घडलं होतं ते मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका परदेशी पेपरच्या प्रस्तावनेत वाचून कळलं.

आता माझं. गाइड मॅडमनी पहिल्या दिवशी विषय दिलाच नाही. म्हणाल्या, ''आधी दोन ढीग लाव, मग बोलू.'' चोइथराम मंडीतून भाजीचा कचरा आणला आणि दोन ढीग घातले. एकात वाळका पालापाचोळा मिसळला, दुसऱ्यात सराफ्यातल्या रात्रीच्या बाजाराचा ओला माल: उष्टं, पाक, तेलकट द्रोण, भुट्ट्याची सोललेली कणसं. थंडीचे दिवस. सकाळी साडेसहाला सळईसारखा लांब थर्मामीटर खुपसायचा आणि वहीत आकडा लिहायचा. पाचव्या दिवशी पाल्याच्या ढिगातून चुलीवरच्या पातेल्यासारखी वाफ निघत होती, काटा ६१ अंशांवर. शेजारचा ढीग ३४ वर मख्ख बसलेला आणि वास असा, की वॉचमन काकांनी खुर्ची उचलून पलीकडे नेली.

मॅडम आल्या. त्यांनी हातमोजा न घालता दुसऱ्या ढिगात हात घातला, मूठभर माल उचलला आणि पिळला. बोटांच्या फटींतून पाणी ठिबकलं. ''हा बुडालाय,'' एवढंच म्हणाल्या. पाणी जास्त झालं की कचऱ्यातल्या पोकळ्या भरतात, हवा आत जात नाही, हवेवर जगणारे जिवाणू थंडावतात आणि बिनहवेचे माजतात. म्हणून ऊब नाही आणि वास आहे. मुठीतला माल हाताला ओलसर लागावा पण ठिबकू नये. पन्नास-साठ टक्के ओलावा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पुस्तकात आकडा होताच की, पण पाणी माझ्या मनगटापर्यंत ओघळलं नव्हतं.

त्यातूनच माझा प्रश्न निघाला: आमच्या शहराचा बाजारातला ओला कचरा कोरड्या पाल्याशी किती प्रमाणात मिसळला म्हणजे ढीग ५५ अंशांच्या वर तीन दिवस तरी टिकेल? हा तीन दिवसांचा हिशेब आरोग्याचा आहे, कारण तेवढ्या उष्णतेत रोगजंतू आणि तणाचं बी बहुतांशी मरतं. जो माल कंपोस्टला जड जात होता, तोच बिनहवेच्या टाकीत घातला की मिथेन देतो, म्हणजे ऊर्जा. इंदूरच्या देवगुराडियाला १९ फेब्रुवारी २०२२ रोजी जो रोजच्या ५५० टन ओल्या कचऱ्याचा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला, तो याच तत्त्वावर चालतो. माझा 'नापास' ढीग तिथे पहिल्या नंबराने पास झाला असता.

आणि शिक्षण? ते शेवटच्या प्रकरणात आपल्या पायाने चालत आलं. टाकीत काय पडतं ते घराघरांतल्या डब्यावर ठरतं, म्हणून मी आमच्या सुदामा नगरातल्याच काही घरांत प्रश्नावली घेऊन गेले. ''काकू, ओला-सुका वेगळा ठेवता ना?'' सगळ्यांचं उत्तर हो. इंदूरमध्ये याला नाही म्हणणं म्हणजे स्वतःच्या लग्नात अक्षता चुकवण्यासारखं आहे. मग परवानगी घेऊन डबे पाहिले. ओल्यात दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, रबर बँड, भाजीच्या पिशवीच्या गाठी. कुणी खोटं बोलत नव्हतं, कोपरा एवढासा असतो म्हणून त्याला कुणी कचरा धरतच नव्हतं. प्रश्नावली फाइलला लावली आणि पुढचं सगळं काम डबे पाहून केलं. शिक्षणात किंवा आरोग्यात जाणार असाल तर हे आधीच ठाऊक असू द्या: माणसं सांगतात ते एक आणि डब्यात असतं ते दुसरं, आणि दोन्ही नोंदवावं लागतं.

फजितीही सांगते. ओलावा काढायला नमुना १०५ अंशांवर रात्रभर वाळवून वजन करायचं असतं. आमच्या प्रयोगशाळेतला ओव्हन बाहेर १०५ दाखवायचा आणि आत बराच जास्त तापायचा. मला संशय आला तो नमुन्याच्या कागदी पाकिटांवरून; ती पापडासारखी तांबूस व्हायला लागली होती. जास्त उष्णतेत पाण्यासोबत इतरही पदार्थ उडून जातात, म्हणजे माझ्या वहीतला ओलावा सगळा फुगलेला. चार महिन्यांच्या नोंदी. मी रडले, खरं सांगते. मॅडम म्हणाल्या, ''पानावर रेघ मार, कारण लिही, पान फाडू नकोस.'' दुसऱ्या दिवशी बाजारातून साधा काचेचा थर्मामीटर आणून ओव्हनच्या आत ठेवला, तो पीएचडी संपेपर्यंत तिथेच होता.

गाइडविषयी मात्र बारकाईने बघा. क्षेत्र चुकलं तर वाट वळवता येते, गाइड चुकला तर पाच-सहा वर्षं जातात. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. ज्यांच्याकडे जायचा विचार आहे त्यांच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध उघडा. नोंदणी कधी, प्रबंध कधी दिला, पद्धतीच्या प्रकरणात काम किती खोल आहे, आणि दोन विद्यार्थ्यांची प्रस्तावना शब्दशः सारखी तर नाही ना, एवढं पाहिलं तरी खूप कळतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एकावेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा निवृत्तीचं साल विचारायला लाजू नका.

पैशाचं: तुमच्या विषयाला सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा द्या. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिपला) ४२,०००. फेलोशिप नसताना घरच्यांच्या जिवावर करणारेही पाहिलेत. होतं, पण दर दिवाळीला तोच विषय निघतो. उपकरणांसाठी मोठ्याच संस्थेत असायला हवं असं नाही. इंदूरच्या खंडवा रोडवर यूजीसी-डीएईचं (डीएई म्हणजे अणुऊर्जा विभाग) संशोधन केंद्र आहे, तिथे विद्यापीठांतल्या लोकांना अर्ज करून उपकरणं वापरायला मिळतात. इथल्याच राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस सिंक्रोट्रॉनवरही (नमुने तपासायला तीव्र क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) तसंच. मी स्वतः वाटीभर कंपोस्टची राख घेऊन खंडवा रोडला गेले होते. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी चकचकीत अतिपातळ थर आणि इकडे माझी राख.

पेपर छापायची घाई करू नका. माझ्या दुसऱ्या वर्षी 'आंतरराष्ट्रीय' नावाच्या एका मासिकाने माझा पेपर दोन दिवसांत स्वीकारला, एकही शंका न काढता, आणि चार हजार रुपये मागितले. मी भरले. तो पेपर आज मी माझ्या यादीत लिहीत नाही. तेव्हाच्या नियमांचा धाक होता. आता यूजीसीने देशपातळीवर पेपरची सक्ती काढलीय, विद्यापीठाचे स्वतःचे नियम तेवढे पाहून घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने मान्य मासिकांची 'केअर' यादीही बंद केली, म्हणजे चांगलं-वाईट ओळखायची जबाबदारी आता तुमच्यावर आणि गाइडवर. दोन दिवसांत होकार आला की समजून जा.

तर या महिन्यात एवढं करा. तुमच्या घरापासून दुचाकीवर अर्ध्या तासात पोचता येईल अशी, रसायनशास्त्र लागू पडेल अशी एक गोष्ट धरा: नाला, बोअरचं पाणी, वीटभट्टी, शाळेची पाण्याची टाकी, काहीही. तीन आठवडे रोज एकाच वेळी तिथे जाऊन एकच आकडा वहीत लिहा. चौथ्या आठवड्यात पुन्हा जावंसं वाटलं तर तीच वही घेऊन गाइडकडे जा. कंटाळा आला तर दुसरी गोष्ट धरा; फी भरायच्या आधी कंटाळा आलेला स्वस्त पडतो.

उशिराचं म्हणाल, तर मी नोंदणी केली तेव्हा ३१ ची होते आणि मुलगा बालवाडीत. पीएचडीची मुदत किमान ३ वर्षं, कमाल ६. स्त्रियांना आणखी २ वर्षांची सवलत आहे, आणि प्रसूती-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजाही मिळते. हे नियमाचं पान छापून आईंना दाखवा. माझ्या सासूबाईंना मी दाखवलं होतं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि विचारलं, ''पण सकाळी साडेसहाला ढिगावर तू जाणार, तर ह्याचा डबा कोण करणार?'' मग दोन वर्षं डबा त्यांनीच केला.