अर्धा भरलेला टँकर फुल टँकरपेक्षा डेंजर का असतो?

वजन कमी म्हणजे गाडी सोपी असं नवीन पोरांना वाटतं, पण तसं नाहीये. टाकी भरलेली असली की आतल्या मालाला हलायला जागाच नसते, अर्धी असली की ब्रेक मारल्यावर सगळा माल पुढं धावतो आणि गाडी थांबत आली असं वाटतंय तोवर मागनं ढकलतो, पावसात तर फारच वाईट. सोलापूरजवळच्या पाकणी डेपोतनं निघणाऱ्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना आत कप्पे असतात म्हणून जरा बरं, दुधाच्या टँकरमध्ये धुवायला सोपं जावं म्हणून बहुतेक वेळा माल अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या नसतात, तिथं हिसका जास्त. साखर कारखान्याची मळी पाण्यापेक्षा बरीच जड, त्यामुळं वजनाची लिमिट आधी संपते आणि टाकी वरनं रिकामी राहते.

आणि पट्ट्या असल्या तरी त्या पुढं-मागंच अडवतात, वळणावर माल बाजूला चढतोच, गाडी पलटी होते ती इथंच. तुळजापूरचा घाट उतरताना स्पीड वळणाच्या आधीच कमी करा, वळणात ब्रेक नको, न्यूट्रल तर अजिबात नको.

पण म्हणून काठोकाठ भरू नका हं, तापमान 10 अंश वाढलं की पेट्रोल साधारण 1 टक्का फुगतं, आपल्या सोलापूरचं ऊन माहितीये ना!

गाडी पलटी झालीच तर इंजिन बंद करून लांब व्हा, 112 ला फोन लावा आणि कॅन घेऊन पळत येणाऱ्या लोकांना हात जोडून मागं हटवा, एका ठिणगीत सगळे जातात.