जखम आपण केली नसली तरी

मिरज
उपवासकाळाचा दुसरा आठवडा

प्रिय बाळ,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझं पत्र मिळालं. फादरांनी तुला तरुणांच्या गटाशी हवामानबदलावर बोलायला सांगितलं आणि तू एका सरळ प्रश्नापाशी अडलीस. तू लिहिलंयस, "आमच्याकडे ना शेत, ना कारखाना, ना चारचाकी. महापूर आला तेव्हा घर मात्र आमचंच पाण्यात गेलं. मग चर्चमध्ये उभं राहून पश्चात्ताप आम्हीच का करायचा?" हा प्रश्न खोडू नकोस. गटासमोर बोलायला उभी राहशील तेव्हा सुरुवात त्यानंच कर. तुझ्या वस्तीतल्या निम्म्या लोकांच्या मनात तो आहे, फक्त चर्चमध्ये विचारायचा संकोच वाटतो.

मला सुचतं ते उत्तर लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या त्या माणसाला लुटलं ते चोरांनी. वाटेनं जाणाऱ्या शोमरोन्याचा, म्हणजे परक्या जमातीतल्या माणसाचा, त्यात काडीचाही हात नव्हता, तरी थांबला तोच. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या, माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले आणि वर म्हणाला, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. त्याच वाटेनं आधी गेलेले याजक आणि लेवी, म्हणजे मंदिरातले सेवक, यांनीही त्या माणसाला बोट लावलं नव्हतं. ते फक्त दुसऱ्या बाजूनं निघून गेले, आणि येशूनं नेमकं तेच आपल्या लक्षात राहील अशी गोष्ट सांगितली. चर्चमधल्या मिस्साच्या, म्हणजे आपल्या उपासनेच्या, सुरुवातीला आपण केलेल्या पापांची कबुली देतो, तशीच करायला हवं होतं आणि केलं नाही त्याचीही देतो. हवामानाच्या बाबतीत तुझ्यामाझ्यासारख्यांची कबुली बहुतेक या दुसऱ्या प्रकारची आहे.

चोर कोण हे विचारू नये, असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. पोप फ्रान्सिस यांनी 4 ऑक्टोबर 2023 ला, संत फ्रान्सिसच्या सणादिवशी, 'लाउदाते देउम' हे हवामान संकटावरचं पत्र प्रसिद्ध केलं. त्यात त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं, की अमेरिकेत दरडोई उत्सर्जन चीनच्या साधारण दुप्पट आणि सर्वांत गरीब देशांच्या सरासरीच्या सुमारे सातपट आहे. तेव्हा "आपण सगळे सारखेच पापी" असं गटाला सांगू नकोस. ते खरं नाही, आणि पुरात ज्यांची भांडीकुंडी वाहून गेली त्यांच्यापुढे ते बोलणं क्रूरपणाचंही होईल. ज्यांचा धूर जास्त त्यांनी जास्त भरपाई करावी, हे मागणं न्यायाचं आहे आणि ते ख्रिस्ती माणसानं मोठ्यानं मागावं. फक्त न्याय मिळेपर्यंत जखमी माणूस रस्त्यावर पडून राहता कामा नये.

आता आपल्या सांगली जिल्ह्याबद्दल. मुलांना जगाचा नकाशा दाखवण्याआधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी सांग. धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. 2005 चा महापूर घरातल्या मोठ्यांना आठवतो, 2021 चा मुलांनी स्वतः पाहिलाय. 2019 मध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला जीव वाचवायला नावेत बसलेली माणसं नाव उलटून बुडाली. त्यांच्यासाठी बैठकीत दोन मिनिटं शांत उभे राहा, ते आपलेच शेजारी होते. 2021 च्या जुलैत साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. याच सांगली जिल्ह्यात जत आणि आटपाडीला टँकरची वाट बघत उन्हाळे काढलेली माणसं आहेत. एप्रिल 2016 मध्ये तर आपल्या मिरज स्टेशनातून पाण्यानं भरलेली रेल्वे लातूरला गेली.

एकाच जिल्ह्यात बुडणं आणि तहानणं कसं, असं कुणी विचारेल. हवा एक अंश तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. मग पाऊस सुटतो तेव्हा कोसळतो, आणि मधला कोरडा काळ जमीन अधिक जोरानं सुकवतो. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेत उष्णता अडवून धरणारा कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे 280 होता, आज तो 420 च्या पुढे आहे. एवढं विज्ञान पुरे. पण सगळं खापर आभाळावर फोडायलाही नको. नदीच्या पात्रालगत बांधकामं झाली, ओढे-नाले बुजवले गेले, धरणांतून पाणी कधी आणि किती सोडायचं याचे वाद दर पावसाळ्यात होतात. ही कारणं माणसाच्या हातातली आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल बोलायचंच.

"हे नवीन खूळ चर्चमध्ये कशाला?" असं म्हणणारं कुणीतरी भेटेलच. चर्चमधल्याच काही लोकांची अशी उडवून लावणारी मतं कानावर येतात, हे पोप फ्रान्सिस यांनीही 'लाउदाते देउम'मध्ये लिहून ठेवलंय. चिडू नकोस, तारखा सांग. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979 मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केलं. 1 जानेवारी 1990 च्या शांतिदिनाच्या संदेशात त्यांनी पर्यावरणाचं संकट हा नैतिक प्रश्न असल्याचं लिहिलं. पोप बेनेडिक्ट यांच्या काळात, 2008 मध्ये, व्हॅटिकनच्या मोठ्या सभागृहाच्या छतावर सौर पॅनेल बसले. 'लाउदातो सी' हे पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं पत्र आलं त्यानंतर, 2015 मध्ये. कुणी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातली 'सत्ता चालवा' ही ओळ काढली तर त्याला दुसऱ्या अध्यायाची पंधरावी ओवी वाचायला दे. तिथं देव माणसाला बागेची मशागत आणि राखण करायला ठेवतो. लेवीयचा पंचविसावा अध्यायही सोडू नकोस. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या, अशी आज्ञा त्यात आहे. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात वर्षानुवर्षं पाटाचं पाणी आणि उसामागून ऊस घेऊन क्षारपड झालेली रानं तू पाहिली आहेस. वर पांढरा थर धरलेला, पेरलं तर उगवत नाही. ती आज्ञा कशासाठी होती हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

आता मला मनापासून सांगायचंय ते. मिस्साची भाकर गव्हाची लागते आणि द्राक्षारस द्राक्षाचाच लागतो, हा चर्चचा कायदा आहे. दुसरं काही चालत नाही. अर्पणाच्या वेळी धर्मगुरू या दोन्ही वस्तू उचलतात तेव्हा धरतीनं दिलेलं आणि माणसाच्या हातांनी कष्ट करून मिळवलेलं, असं म्हणूनच त्या देवापुढे ठेवतात. आपण राहतो तो द्राक्षाचा जिल्हा. तासगाव-कवठेमहांकाळकडच्या एखाद्या बागायतदाराला विचार, ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर अवकाळी पाऊस आला की काय होतं. पहाटे बॅटरी घेऊन तो बागेत शिरतो, पान उलटून डाऊनी रोगाचे ठिपके दिसतात का बघतो, कोवळा घड हातात घेऊन कूज लागलीय का चाचपतो. उजाडायच्या आत ट्रॅक्टरवर फवारणी सुरू. औषधाची उधारी दुकानात आधीच चढलेली असते. माल तयार व्हायच्या वेळी पुन्हा पाऊस झाला तर मणी तडकतात आणि व्यापारी बांधावरूनच मागे फिरतो. तो माणूस बहुधा आपल्या धर्माचा नसतो. पण ज्या फळावाचून आपली मिस्सा होत नाही, त्याच फळासाठी तो रात्र जागतो. हवामान हा विषय वेदीपासून लांबचा आहे असं कुणी म्हटलं, की मला या माणसाचा चेहरा दिसतो. तुझ्या गटाला ही गोष्ट सांग, सावकाश सांग. बाकीचं विसरले तरी चालेल.

काय करायचं, हे तू विचारलंस. घरातल्या गोष्टी तुला माहीत आहेत: दिवे, पाणी, उरलेलं अन्न, सणाच्या जेवणाला थर्माकोलऐवजी पत्रावळ. 'लाउदातो सी'मध्येही अशा लहान कृतींना मान दिलाय, त्यांना हसू नकोस. पण त्याच पत्रात हेही आहे, की समाजाचे प्रश्न एकेकट्याच्या सत्कृत्यांची बेरीज करून सुटत नाहीत, त्यासाठी माणसांनी एकत्र यावं लागतं. म्हणून या उपवासकाळात गटानं एकच काम घ्यावं आणि ते पुरं करावं, असं मला वाटतं.

मी सुचवतो ते पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचं. गटातल्या मुलांचे नातेवाईक ऊसतोडीवर आणि शेतमजुरीवर आहेत, तेव्हा हा विषय त्यांच्या घरातला आहे. ऊस तुटून गेला की रानात एकरी तीन-चार टन पाचट पडतं. संध्याकाळी कुणीतरी वाऱ्याकडच्या कडेनं काडी लावतो. दहा मिनिटांत फड तडतडायला लागतो, काळ्या काड्या उडत येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात, आणि शेजारच्या माळावर तोडणी मजुरांच्या कोपीत तान्हं मूल रात्रभर खोकतं. जमिनीतले जीव मरतात ते वेगळंच. तेच पाचट सरीत दाबलं, बुडखे जमिनीलगत छाटले, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकलं, तर खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या उसाला, पाणी कमी लागतं आणि रानाला सेंद्रिय खत मिळतं. कृषी सहायकाला बोलावून एका शेतकऱ्याच्या रानात हे करून दाखवायला लावा. कष्ट तुमच्या गटाचे, रान त्याचं. जाळणाऱ्याला पापी म्हणायला मात्र जाऊ नका. पुढच्या पिकाची घाई आणि मजुरीचा खर्च यामुळं तो काडी लावतो. तुमचे दहा हात मिळाले तर त्याची अडचण थोडी हलकी होईल.

आणि प्रार्थना. 'लाउदातो सी'च्या शेवटी दोन प्रार्थना दिल्या आहेत, एक ख्रिस्ती लोकांची आणि दुसरी निर्मात्या देवाला मानणाऱ्या सगळ्यांना म्हणता येईल अशी. तुझ्या गल्लीत हिंदू, मुस्लिम, जैन घरं आहेत, पुराचं पाणी सगळ्यांच्याच उंबऱ्यात आलं. ती सगळ्यांची प्रार्थना त्यांच्याबरोबर म्हण. कुणी बोलावलं तर त्यांच्या प्रार्थनेलाही जाऊन उभी राहा.

तुला राग येतो असं तू लिहिलंस. तो येऊ दे. पुरानंतर ओल्या भिंतीला टेकून बसलेली आजी ज्यानं पाहिलीय त्याला राग आला नाही तर मलाच काळजी वाटेल. फक्त रागाला काम दे. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा ठरवलेल्या असतात. साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. तुमची वस्ती कोणत्या रेषेत येते हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे का? नसेल तर पाटबंधारे खात्याकडे लेखी अर्ज करा. पूर आला तर म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना आधी कोण हलवणार, कुठं हलवणार, त्यांची औषधं आणि रेशनकार्डं कोण उचलणार, ही यादी पावसाळ्याआधी तयार हवी. चर्चचा हॉल उंचावर असेल तर त्याची किल्ली कुणाकडे राहणार हेही फादरांशी बोलून ठेव.

अर्जाचा मसुदा मी सोबत जोडलाय. गटाच्या सह्या घे, वस्तीतल्या शेजाऱ्यांच्याही घे, आणि येत्या सोमवारी सकाळी अकराला कार्यालयाच्या दारात ये. मी तिथं थांबतो. पोच घेतल्याशिवाय निघायचं नाही.

तुझा,
सर