टाकीतलं पाणी

जुनं सेसना १७२ विमान घेतलंस, झकास! नवा रंग, भारी हेडसेट वगैरे नंतर बघ. आधी इंधनाच्या टाकीतलं पाणी. अर्धवट भरलेली टाकी रात्रभर राहिली की आतल्या हवेचा दमटपणा थेंब होऊन तळाशी बसतो. म्हणून दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी आणि इंधन भरल्यावर प्रत्येक ड्रेनमधून, म्हणजे तळाच्या छोट्या झडपेतून, पारदर्शक पेल्यात नमुना काढ. १००एलएल, म्हणजे या विमानाचं पेट्रोल, निळसर असतं, पाणी त्याच्याखाली वेगळं दिसतं. फसगत कुठे होते सांगू? पेल्यात निव्वळ पाणीच आलं तर मधली रेघ दिसतच नाही. मी एकदा 'वा, स्वच्छ!' म्हणून निघालोच होतो. वास येईना म्हणून थबकलो. तेव्हापासून पेला पांढऱ्या पंखासमोर धरून निळा रंग शोधतो. इंधनाच्या काट्यांवर तर विसंबूच नकोस. शिडी लाव, टाकीत मोजपट्टी बुडव. शेजारचे हँगरवाले हसतात, हसू देत.