प्रकल्प सोलापूरच्या उशाशी, मग आमचीच लाईट का जाते?

तुम्ही विचारलंय, फताटेवाडीला एनटीपीसी या सरकारी कंपनीचा एवढा मोठा वीज प्रकल्प, पाणी आपल्या उजनीचं, मग होटगी रोडला वळवाचा पाऊस आला की लाईट जातेच कशी? आणि तिथली वीज जाते तरी कुठे? मी यंत्रचालक होतो, ३३ केव्ही (३३ हजार व्होल्ट) उपकेंद्रात सगळी नोकरी गेली. बाहेरून आलेली वीज तिथे ११ केव्हीला उतरवून भागाभागात वाटतात. हा प्रश्न रात्री-अपरात्री फोनवर किती वेळा ऐकला असेन, मोजदाद नाही.

फताटेवाडीला ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. पहिला २०१७ साली व्यावसायिक तत्त्वावर सुरू झाला, दुसरा २०१९ साली. कोळसा रेल्वेने लांबून येतो, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि जनित्रातली वीज तिथल्या तिथे ४०० केव्हीला चढवतात. याचं कारण साधं आहे. व्होल्टेज दहापट केलं की तेवढ्याच विजेला प्रवाह एक दशांश पुरतो आणि तारेतली गळती एक शतांशावर येते. ही वीज सरळ तुमच्या गल्लीत आणायला प्रकल्प बांधलेलाच नाही. ती राष्ट्रीय ग्रीडमध्ये, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या एकत्र जाळ्यात जाते. करारात मोठा वाटा महाराष्ट्राचा, पण मध्य प्रदेशासारख्या राज्यांचाही आहे.

उजनीत साठलेल्या पाण्यात मुळा-मुठेचं कुठलं आणि घोडनदीचं कुठलं, हे सांगता येईल का? ग्रीडमधल्या विजेचं तसंच. फरक एवढाच की धरणात पाणी साठतं, तारेत वीज साठत नाही. ज्या क्षणी मागणी, त्याच क्षणी निर्मिती. मागणी वरचढ झाली की फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेचा सेकंदाला पडणारा ठोका, ५० हर्ट्झच्या खाली घसरते, आणि तो काटा देशभर एकच असतो. एकच झाला तोही आपल्या सोलापुरामुळे, हे इथल्या फार कमी लोकांना माहीत आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाशी एका तालात जोडली गेली. मला याचा आजही अभिमान वाटतो.

आता विक्री. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात. कोणत्या भागात कुठल्या संचाकडून किती वीज घ्यायची, हे आपल्या राज्यापुरतं कळव्याचं भार प्रेषण केंद्र बघतं. स्वस्त वीज आधी, महाग नंतर. सोलापूरचा प्रकल्प खाणींपासून लांब, कोळशाला रेल्वेभाडं जास्त, म्हणून त्याचा नंबर बऱ्याचदा मागे लागतो. उशाशी असलेला संच कमी भारावर चालतो आणि आपण विदर्भातली किंवा छत्तीसगडची वीज वापरत असतो. वीज नाही घेतली तरी संच तयार ठेवल्याबद्दल त्याचा स्थिर खर्च खरेदीदाराला द्यावाच लागतो. तो फिरून आपल्याच दरात येतो. बिलात वीज आकार, वहन आकार (वीज वाहून आणण्याचा), इंधन समायोजन (इंधनाच्या खर्चातला फरक) आणि वर वीज शुल्क असतं. एकदा बिल उलगडून नीट वाचा, हा सगळा प्रवास त्यात दिसेल.

मग लाईट का जाते? मे महिन्यातली एक रात्र सांगतो. दिवसभर बेचाळीसच्या वर ऊन, संध्याकाळी वळीव आला. पॅनलवर ३३ केव्हीचा इनकमर, म्हणजे उपकेंद्रात वीज आणणारी लाईन, ठणठणीत, पण ११ केव्हीचा एक फीडर, म्हणजे एका भागाला वीज नेणारी लाईन, अर्थ फॉल्टवर ट्रिप: वीज कुठेतरी जमिनीत उतरत होती म्हणून आपोआप बंद. एकदा परत चालू करून बघितला, धाडकन पुन्हा बंद पडला. लाईनमन बॅटरी घेऊन खांबामागून खांब बघत निघाले. दोन तासांनी सापडला तो चिनी मातीचा पिन इन्सुलेटर, तारेला खांबापासून वेगळं ठेवणारा. तापलेल्या अंगावर गार थेंब पडले की त्याला केसाएवढी चीर जाते, चिरेत पाणी शिरतं आणि वीज खांबावरून जमिनीत उतरते. हातात घेतला तेव्हा एका बाजूला काळा ओरखडा होता, बाकी अगदी कोरा. त्या वेळी देशात विजेचा तुटवडा नव्हता. तरी त्या फीडरवरचे यंत्रमाग बंद होते, लेकरं उकाड्यात रडत होती.

घरातली लाईट जाते ती बहुतेक या शेवटच्या दोन-चार किलोमीटरमध्ये. जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) तुटतो, फांदी तारेला टेकते, डीपीतली (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरची) फ्यूज तार वितळते. पैसा आणि माणसं इथे कमी पडतात, असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्याआधी फांद्या छाटणं आणि इन्सुलेटर बदलणं वेळेत झालं, तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

पुढच्या वेळी फोन लावाल तेव्हा "लाईट कधी येणार" याच्या आधी एवढंच विचारा: "इनकमर आहे का, की फक्त आमचा फीडर गेलाय?" फीडर गेला असेल तर दुखणं तुमच्याच भागात आहे. तुटलेली तार किंवा ठिणगी दिसली असेल तर खांब कुठला ते लगेच सांगा. त्या रात्री कुणी सांगितलं असतं तर आमचे दोन तास वाचले असते.