आधी चार जागा बघ

खानापूर रस्त्यावर गाडीनं उडवलेलं कुत्रं टेबलावर आलं की पूर्ण सोनोग्राफीच्या मागं लागू नकोस. ऑक्सिजन, सलाईन चालू असतानाच उजव्या कुशीवर झोपवून प्रोबनं (सोनोग्राफीचा अंगावर टेकवायचा भाग) पोटातल्या चार जागा बघ: डायफ्राम (छाती-पोटामधला स्नायू)-यकृत, प्लीहा-डावी किडनी, मूत्राशय, यकृत-उजवी किडनी. धाप लागली असेल तर मात्र आडवं पाडू नकोस, बसल्या बसल्याच बघ. केस भादरण्यात वेळ घालवू नकोस, स्पिरिट लावून बाजूला सार. अवयवांमध्ये काळे टोकदार त्रिकोण दिसले तर ते मोकळं पाणी, म्हणजे पोटात सांडलेला द्रव. पाणी दिसलेल्या प्रत्येक जागेला १ गुण. रक्त की लघवी, हे सोनोग्राफीचा पडदा सांगत नाही. सुईनं काढूनच बघ. रक्त निघालं आणि गुण ३-४ असले तर रक्तस्राव मोठा समज. पहिल्यांदा कोरडं दिसलं म्हणून घरी धाडू नकोस, ४ तासांनी पुन्हा प्रोब लाव. निपाणीकडच्या एका कुत्रीला मी लावला नव्हता. पहाटे गेली ती.