काळजात धस्स होतं, ते नेमकं कुठं?

लातूरच्या एका वाचकानं विचारलंय : “आमच्याकडं ‘काळजात धस्स झालं’ असं सगळेच म्हणतात. पण मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर कलेजी मिळते. मग आपण यकृतालाच हृदय समजतो का? लिहिताना ‘हृदयात धस्स झालं’ असं करावं का?”

मटणवाला बरोबर आहे. काळीज मुळात यकृतच. शब्द संस्कृत ‘कालेय’च्या कुळातला, अमरकोशात यकृताला ‘कालखण्ड’ असंही नाव दिलंय. आणि यकृतात धस्स होणं तसं अवघडच, कारण त्याच्या आतल्या भागाला वेदना कळवणाऱ्या नसा नसतात, त्या असतात वरच्या आवरणाला. दचकल्यावर धडधडतं ते हृदय.

तरीही वाक्प्रचार चुकलेला नाही. तो शरीरशास्त्र सांगायला निघालेलाच नाही. माझ्या मते अशा ठिकाणी अवयवाकडं कमी आणि क्रियापदाकडं जास्त बघावं. पोटाचंच घ्या. शेजाऱ्याच्या लेकराला नोकरी लागली की एखाद्याच्या पोटात दुखतं, तो मत्सर. लेकरू उपाशी निजलं की आईच्या पोटात तुटतं, ती माया. निकालाच्या दिवशी पोटात गोळा येतो, ती भीती. चूक पोटात घातली तर ती क्षमा. पोट एकच, आणि त्याला काय होतं त्यावरून भावना ठरते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं १८८४ साली मांडलं होतं की आपण घाबरतो म्हणून थरथरत नाही, थरथरतो आणि त्या थरथरण्याची जाणीव म्हणजेच भीती. पुढं १९२७ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅननची त्यावर हरकत अशी, की निरनिराळ्या भावनांत आतड्या-हृदयातले बदल बरेचसे सारखेच असतात, मग नुसत्या धडधडीवरून राग कुठला आणि भीती कुठली, हे कळणार कसं? मला वाटतं, इथं भाषा मदतीला येते. त्याच धडधडीला आपण कधी ‘तळपायाची आग मस्तकात गेली’ म्हणतो, कधी ‘काळजाचं पाणी झालं’, आणि म्हणता म्हणता आपल्यालाही कळतं की आपल्याला नेमकं काय होतंय.

ही क्रियापदं येतात कुठून? बरीचशी भोवतालातून. ‘काळीज उललं’ हे ऐकताना मराठवाड्यातल्या माणसाला उन्हाळ्यात उललेलं रान आठवणारच. काळी चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दुःखानं छाती आवळते तेव्हा हा शब्द चपखल बसतो. कोकणातल्या तांबड्या मातीत तो इतका रुजला असता का, शंका आहे.

आता ‘धस्स’. तो आवाजाचा शब्द. ‘धसणे’ म्हणजे खचणे, ढासळणे. पावसात विहिरीची कड धसते. पायाखालचं अचानक जावं तशी छातीत पोकळी होते, ती त्या जोड ‘स्स’मध्ये उतरलीय. धस्स क्षणाचं असतं, धसका मात्र मुक्कामाला राहतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झाला, पण लोकांनी घराच्या दगडी भिंतींचा जो धसका घेतला, तो पुढं कितीतरी दिवस त्यांना उघड्यावर झोपवत होता. त्या धसक्याला नुसतं ‘भीती’ म्हणून भागत नाही.

तेव्हा ‘हृदयात धस्स’ करू नका. हृदय हा शब्द ईसीजीच्या कागदावर शोभतो, हृदयस्पर्शी भाषणातही चालतो. ‘धस्स’ला ‘काळजात’च हवं, फार तर ‘छातीत’ चालेल.